पिग्मी शेळ्यांची जोडी घेतली: उंची कमी, खाणं तेवढंच

आधी भाव सांगते, कारण दुकानात येणारी प्रत्येक बाई ब्लाउजचं माप द्यायच्या आधी तोच विचारते. जोडीचे ३८ हजार. पिकअपचं भाडं साडेचार हजार, ते वेगळं. जोडी म्हणजे एक पाठ, म्हणजे न व्यालेली तरुण शेळी, आणि एक खच्ची केलेला बोकड. एवढ्या पैशात आमच्या औसा भागात तीन चांगल्या गाभण उस्मानाबादी शेळ्या दावणीला आल्या असत्या आणि वर सरकी पेंडीचं पोतंही. हा हिशेब घेतानाच माहीत होता. मला धंदा करायचा नव्हता म्हणून घेतल्या. धंद्यासाठी कुणी वाचत असेल तर त्याने इथपर्यंत वाचलं तरी पुरे आहे: घेऊ नका.

बाकीच्यांसाठी पुढचं.

माझं शिलाई आणि पिको-फॉलचं दुकान घराला लागूनच आहे. मागे सात-आठ गुंठ्यांचं आवार, त्यात एक लिंब, एक शेवगा आणि बांधाला सुबाभळीची रांग. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, त्यांनी जन्मभर शेळ्या राखल्या. गुडघे गेले तसा कळप विकला. तेव्हापासून ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या दुसऱ्यांच्या शेळ्यांना नावं ठेवणं हाच त्यांचा उद्योग. "हिचं कान बगा. हिला उस्मानाबादी म्हणायलेत!" मोठी शेळी दाव्याला हिसका देते आणि तो हिसका आता त्यांना झेपत नाही. म्हणून बुटकी शेळी हा विचार डोक्यात आला. जाहिरातीत लिहिलं होतं: घरात मांजरासारखी पाळा, जागा लागत नाही, चारा नाममात्र, आवाज नाही. चारांतलं एकही खरं निघालं नाही. तरी दुसरा उन्हाळा चालू आहे, जोडी आवारातच आहे आणि ती विकायचा विषय काढला की मामा जेवायचे थांबतात.

पिग्मी शेळी मूळची पश्चिम आफ्रिकेतली, कॅमेरून आणि आसपासच्या दमट मुलखातली. तिथून ती युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत गेली आणि १९५० च्या दशकात अमेरिकेत पोचली. आपल्याकडच्या जाहिरातींत तिच्या नावाआधी सर्रास 'कॅनेडियन' लावतात. कॅनडाचा संबंध भाव चढवण्यापुरताच. तिची एक चुलत बहीण आहे, नायजेरियन ड्वार्फ. ती दुधाच्या बांध्याची, सडपातळ, लांब मानेची. पिग्मी आखूड पायांची, रुंद पोटाची, मटणाच्या बांध्याची. उंची दोघींची खांद्यापाशी दोन फुटांच्या आत. पश्चिम आफ्रिकेच्या या बुटक्या शेळ्यांचा मोठा गुण असा सांगतात, की त्से-त्से माशीमुळे होणाऱ्या रोगाला त्या दाद देत नाहीत. ती माशी भारतातच नाही. म्हणजे ज्या गुणामुळे ती तिकडे टिकली त्याचा औशात शून्य उपयोग.

आता उंची बाजूला ठेवा आणि वजन बघा. पूर्ण वाढलेली पिग्मी मादी २४ ते ३४ किलोची, नर २७ ते ३९ किलोचा. आपल्या उस्मानाबादीची मादी सरासरी ३२ किलो आणि नर ३४ किलो. उस्मानाबादीचं वजन उंच पायांवर चढलेलं असतं, पिग्मीचं जमिनीलगत पसरलेलं, फरक एवढाच. आमच्या पाठीला, तिचं नाव बुंदी, आडतीवरच्या काट्यावर उभं केलं तर २७ किलो भरली. काट्यावरचा हमाल म्हणाला, "ताई, ही बसलीय का उभी हाय?"

जाहिरात करणारा उंची दाखवतो आणि चारा मात्र वजनाच्या हिशेबाने जातो. शेळीला रोज शरीराच्या वजनाच्या तीन ते चार टक्के कोरडा ऐवज लागतो. तीस किलोच्या जनावराला किलोभर. तो तुरीच्या भुशातून द्या, हरभऱ्याच्या भुशातून द्या, नाही तर तीन-चार किलो हिरव्या पाल्यातून, त्यात ती सूट देत नाही. लसही उंची बघून दिली जात नाही. पीपीआर या साथीच्या रोगाची लस कातडीखाली १ मिली, मग ती मामांच्या जुन्या कळपातली दांडगी शेळी असो नाही तर आमची बुंदी. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस दरवर्षी, पावसाच्या आधी आणि नंतर जंतनाशक. जंतनाशकाचा डोस तेवढा वजनावर असतो, पण वजनाचं आत्ताच सांगितलं.

जोडी आली तो दिवस सांगते, कारण घेणाऱ्यांच्या कामाचा आहे. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं, पाठ दोन वर्षांची, पूर्ण वाढलेली, आता यापुढे एक इंचही वाढणार नाही. पिकअप दारात लागली. मामा काठी टेकत गेले, बुंदीला उतरवायच्या आधीच खालचा ओठ अंगठ्याने खाली केला आणि ड्रायव्हरकडे बघून म्हणाले, "आदत हाय ही. दुधाचे दात बी पडले न्हाईत अजून. दोन वर्साची कोन म्हनलं?" शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, वय खालच्या दातांवरून कळतं. साधारण सव्वा वर्षाच्या आगेमागे दुधाचे मधले दोन दात पडून मोठे येतात, ती दोन दाती. दोन वर्षांच्या सुमाराला चार दाती, तिसऱ्या वर्षी सहा दाती, चारच्या आसपास जुळलेली, म्हणजे आठही दात आलेली. बैलबाजारात फिरलेल्या कुठल्याही माणसाला हे येतं. मोबाईलवर फोटो बघून शेळी घेणाऱ्याला येत नाही आणि धंदा त्याच्यावरच चालतो. करडू कुठल्याही जातीचं लहानच दिसतं. म्हणून घेताना दात बघा, आणि जमलं तर तिचे आईबाप डोळ्यांनी बघा. आईबाप दाखवत नाही त्याच्याकडून काही घेऊ नका. बुंदी त्यानंतर चार बोटं वाढली. नशीब की पिग्मीच निघाली, नाही तर आज ती माझ्या शिलाई मशीनच्या उंचीला असती.

त्या विकणाऱ्याचं नाव मी इथे घेणार नाही, गावही सांगणार नाही. सेवेबद्दल एवढंच की पैसे जाईपर्यंत फोन पहिल्या घंटीला उचलला जायचा. लसीकरणाचा कागद जोडीसोबत येणार होता. तो अजून येतोय. जोडी आली तशी मी तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन सगळं पहिल्यापासून टोचून घेतलं. जोडी आणल्यावर पंधरा-वीस दिवस दुसऱ्या जनावरांपासून लांब ठेवायला हवी, हेही त्यांनी सांगितलं नव्हतं. मामांनी सांगितलं.

आवाजाचं बोलू. पिग्मीचा आवाज तिच्या अंगापेक्षा मोठा. सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं की त्या आवाजावर दोघं सुरू होतात आणि पाल्याची पेंढी दिसेपर्यंत थांबत नाहीत. शेजारच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "लेकरू कामून रडायलंय गं तुझ्याकडं?" आणि हा झाला दोघांचा आवाज. एकटी शेळी ठेवली तर दिवसभर ओरडते. ती कळपातली जात आहे, एकटी राहत नाही, झुरते, खाणं सोडते. म्हणजे 'एकच घेऊन बघू' हा मार्ग बंद, कमीत कमी दोन. लातूरहून माझी एक मैत्रीण विचारत होती, फ्लॅटच्या बाल्कनीत चालतील का. मी म्हटलं, आधी शेजाऱ्यांना दुसरीकडे घर बघून दे.

आणि एका बाबतीत मोठ्या शेळीपेक्षाही जास्त खर्च झाला, तो कुंपणाचा. उस्मानाबादीला चार फुटी तारेचं कुंपण पुरतं, ती त्यावरून उडी मारायला बघते. पिग्मी खालून जाते. लोखंडी फाटकाच्या गजांतून जाते. फाटकाखाली वीतभर जागा होती, तिथून बुंदी पहिल्याच दिवशी रस्त्यावर. शेवटी सगळ्या आवाराला दोन बाय चार इंची वेल्डमेश जाळी मारली, खाली एक पदर मातीत गाडला. हा खर्च जाहिरातीतल्या भावात नसतो. आणि जाळी फक्त शेळीला आत ठेवायला नाही, भटकी कुत्री बाहेर ठेवायला आहे. मोठी शेळी निदान पळते, तोंड फिरवून शिंगं दाखवते. एवढ्या आखूड पायांच्या जनावराच्या मागे दोन कुत्री लागली तर विषय संपला. गावाच्या कडेला राहणाऱ्यांनी रात्री दार बंद होणारा गोठाच करावा. जागा एका जनावराला दहा चौरस फूट छताखाली, मोकळी फिरायला त्याच्या दुप्पट.

उंचीवर चढायचं वेड तर विचारू नका. गिऱ्हाइकांच्या स्कूटीच्या सीटवर चढतात. एकदा दुकानाचं मागचं दार उघडं राहिलं आणि बोकड आत आला. लग्नाच्या बस्त्यातले फॉल लावायला आलेले शालू खुंटीवर होते. त्याने शालू नाही खाल्ले, पावतीपुस्तक खाल्लं. शेळी ओठांनी चाचपून बघते, तिला हात नाहीत, हे मला मान्य आहे. पण कुणाचा शालू कुठला हे त्या आठवड्यात मी आठवणीवर चालवलं. त्या दिवसापासून बोकडाचं नाव तलाठी. प्रत्येकाच्या कागदात तोंड.

तलाठ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण जोडीतला खरा जोखमीचा सौदा तोच आहे आणि हे विकणारा कधीच सांगत नाही. खच्ची न केलेला बोकड घरात ठेवता येत नाही. माजावर आला की स्वतःच्या दाढीवर, पुढच्या पायांवर मुततो आणि तो वास कपड्यांच्या दुकानाला परवडणारा नाही. शिवाय पिग्मीचे नर दोन-तीन महिन्यांचे झाले की पाठीला लागू शकतात. म्हणून हौशी गिऱ्हाइकाला खच्ची केलेला नर देतात. तो शांत, लाघवी, बिनवासाचा. इथपर्यंत ठीक. पण त्याला मुतखडा होतो. फार लहानपणी खच्ची केलं तर मूत्रनलिका अरुंद राहते, आणि मग लाडाने धान्य, पेंड, गव्हाचा कोंडा चारत राहिलं की त्यातल्या स्फुरदामुळे खडे धरतात. मादीला सहसा अडत नाही, नराला अडतं. पाय ताणून उभा राहतो, जोर करतो, थेंब येत नाही, पोटावर पाय मारतो. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालं. ते नसतं, आणि एक-दोन दिवसांत जनावर जातं.

तलाठ्याला हे गेल्या थंडीत झालं. थंडीत शेळ्या पाणी कमी पितात. आमच्याकडे येणारे पशुवैद्य अनुभवी माणूस, त्यांनी वेळेवर ओळखलं आणि सुटला. पण ते जे बोलले ते माझ्या लक्षात राहिलं. म्हणाले, "आमच्याकडं असला बोकड येतच नाही. इथं बोकड वर्ष-दीड वर्षाचा झाला की बकरी ईदला नाही तर जत्रेला जातो. त्याला म्हातारा होऊ कोण देतं?" पिग्मीचं आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचं. मराठवाड्यात बोकड दहा वर्षं सांभाळायचा कुणाला सराव नाही, ना मालकाला ना दवाखान्याला. त्याची म्हातारपणाची दुखणी आपल्याकडे कुणी बघितलेली नाहीत. उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथवर जायची तयारी ठेवा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा. आता तलाठ्याला धान्य जवळजवळ बंद आहे. पाला, भुसा, क्षाराची चाटण वीट आणि थंडीत कोमट पाणी.

खाण्याचा मोठा धोका आपण नाही, शेजारपाजार आहे. लहानखुरी शेळी बघितली की लोकांचा हात सैल होतो. पोळीचा तुकडा, बिस्कीट, पंगतीतला उरलेला भात. शेळीच्या पोटाला हे एकदम जास्त गेलं की आंबतं, पोट फुगतं, शेळी पडते. उस्मानाबादीच्या कळपाला कुणी बिस्कीट देत नाही, म्हणून तिला हा रोग कमी. मी फाटकावर पाटी लावली आहे: 'काही खाऊ घालू नये, विचारून पाला द्यावा.' लेकरं पाळतात, मोठी माणसं पाळत नाहीत.

आवारातली कण्हेर मुळासकट काढली. फुलं चांगली यायची, पण शेळीला थोडा पाला पुरतो मरायला. सुबाभूळ देते पण एक तृतीयांशाच्या वर जाऊ देत नाही, जास्त झाली तर केस गळतात. आणि ज्वारी. आमच्याकडे ज्वारी दारातली गोष्ट, म्हणून धास्ती जास्त. कोवळी, पाण्याचा ताण बसलेली ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले पोंगे खाल्ले की किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. घटकाभरात खेळ खलास. वाळलेला कडबा चालतो. मामांच्या हाताखाली हे सगळं आपोआप होतं. पुण्या-मुंबईहून गावाकडे फार्महाऊस बांधून पिग्मी आणणाऱ्यांना मात्र कण्हेरीचंच कुंपण आवडतं, हे मी स्वतः बघितलं आहे.

उन्हाळ्याची भीती होती. आफ्रिकेतली असली तरी ती दमट मुलखातली, आणि आमचा मे महिना कोरडा, ४२ अंशांवरचा. पत्र्याच्या शेडवर उसाचं पाचट टाकलं, बाजूंना गोणपाट बांधून दुपारी भिजवते. दोघांनी उन्हाळा काढला, पण धापा टाकत काढला. दुपारी पाला पुढे केला तर मान फिरवतात, खायचं ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. पाणी दिवसाला दोघांना आठ-नऊ लिटर. आकडा फार नाही, पण २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं ज्यांनी बघितलं आहे ती माणसं शेळी घेतानाही हिशेब करतात. त्या साली मामांचा कळप बाभळीच्या शेंगांवर आणि बोराटीवर तगला होता. दिवसभर रानात, संध्याकाळी एकदा पाणी. बुंदीला रानात सोडलं तर बाभळीची पहिली फांदी तिच्या तोंडाच्या दीड फूट वर असते. तिला फांदी तोडून खाली द्यावी लागते, म्हणजे तिचं रान आपणच वाहून आणायचं.

एवढं सगळं वाचून वाटेल, मग ठेवल्या कशाला.

मामांसाठी घेतल्या, त्यात पैसा वसूल आहे. बुंदी त्यांना एका हाताने धरता येते. ओट्याच्या कडेला बसून ते तिला मांडीवर ओढून घेतात आणि खुरं छाटतात. हेच काम मोठ्या शेळीला करायला खाली वाकावं लागतं, एकाने धरायचं, दुसऱ्याने कापायचं. टोचायला, औषध पाजायला, कानात गोचीड बघायला दुसरा माणूस लागत नाही. दवाखान्यात न्यायचं तर ऑटोत पायांशी उभी राहते. हिसका तीही देते, पण तो काठीवरच्या माणसाला पाडेल असा नसतो. सकाळी पाला कापून आणायचं निमित्त झालं, म्हणून मामा आवारात फिरतात. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगून जे होत नव्हतं ते होतं. त्यांनी पिग्मीला अजून शेळी म्हणून मान्यता दिलेली नाही. "ही शेळी न्हाई, हे खेळणं हाय," म्हणतात आणि खेळण्याच्या अंगाला हळद-तेल चोळतात.

लेकरांसाठीही बरी. आमच्या गल्लीतली सहा-सात वर्षांची पोरं बिनधास्त आत जातात, कारण तिची मान त्यांच्या छातीएवढी. मोठ्या बोकडाच्या टकरीने जे होतं ते होत नाही. टक्कर तलाठी देतोच, पण गुडघ्याला लागते. दुकानालाही फायदा झाला, हे कबूल. ब्लाउज शिवायला आलेली बाई पोरांसाठी थांबते आणि थांबली की एक-दोन साड्यांचे फॉल जास्त देऊन जाते. लेंडीखतावर शेवगा आणि वांगी जोरात आहेत. ते कुठल्याही शेळीच्या लेंडीवर आले असते, पण आलेत हिच्या.

फक्त एक, आमच्याकडे शेळी बघायची नजरच वेगळी आहे. पुण्यात लोक म्हणे फोटो काढतात. इथे काटा मनात ठेवूनच बघतात. "किती किलो पडंल?" हा पहिला प्रश्न. एकाने तलाठ्याला कंदुरीसाठी मागितलं, एकाने नातवाच्या जावळाला. दोघांना मामांनी हाकललं, आणि जन्मभर बोकड विकूनच घर चालवलेला हा माणूस.

दुधाचं विचारतात. बुंदी व्यालेली नाही, त्यामुळे माझ्या पातेल्यातला आकडा नाही. जातीचा सांगायचा तर दूध हवं असेल त्याने नायजेरियन ड्वार्फ बघावी. तिचं रोजचं दूध एक ते दीड लिटरपर्यंत जातं आणि स्निग्धांश सहा टक्क्यांच्या पुढे. पिग्मी पिल्लांपुरती. आणि बुंदीला व्यायला लावायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. तिच्या उंचीचा पिग्मी नर या भागात मला माहीत नाही, आणि गल्लीतल्या उस्मानाबादी किंवा बोअर बोकडाने ती भरली तर पोटातलं करडू मोठं होऊन विताना अडेल. पाच महिन्यांनी तिचा जीव टांगणीला. जाळीचा आणखी एक उपयोग हा.

याच्याशीच लागून परतीच्या खरेदीची गोष्ट. विकणारे सांगतात, पिल्लं आम्हीच घेऊ, जोडीला इतके देऊ, वर्षात पैसे वसूल. मलाही सांगितलं होतं. स्टॅम्पवर लिहून द्या म्हटल्यावर विषय बदलला. हौशी जनावराचा भाव नवा हौशी गिऱ्हाईक मिळेपर्यंतच असतो. तो मिळाला नाही की खाटकाच्या काट्यावर पिग्मीचा किलो आणि उस्मानाबादीचा किलो एकच, उलट हिचं हाड बघून तो घासाघीस करतो. उस्मानाबादी जुळी देते, कुठल्याही बाजारात त्याच दिवशी रोख पैसा देते, आणि तिच्यासाठी बोकड शोधत पुण्याला जावं लागत नाही. चांगलं बियाणं हवं तर शेळी-मेंढी विकास महामंडळाचं पडेगावचं प्रक्षेत्र मराठवाड्यातच आहे.

आणि लहानच शेळी हवी असेल, पण एवढा पैसा घालायचा नसेल, तर बंगालची काळी शेळी बघा. आपल्याच देशातली, पश्चिम बंगाल-बिहार-ओडिशाकडची. मादी वीस किलोच्या आसपास, म्हणजे पिग्मीपेक्षाही हलकी. दोन-तीन करडं एका वेळी देते, कातडं नावाजलेलं. दूध कमी. तिची जाहिरात कुणी रिबीन बांधून करत नाही, म्हणून ती स्वस्त. तिच्यातलीच काळी-पांढरी संकरित पिल्लं पिग्मी म्हणून गळ्यात पडू शकतात, तेही लक्षात असू द्या.

मार्क द्यायचेच तर म्हाताऱ्या माणसाला सोबत म्हणून पाचपैकी साडेचार, लेकरांसाठी चार, चाऱ्याच्या बचतीला शून्य, कमाईला शून्य. विकणाऱ्याला अर्धा, तो पिकअपच्या ड्रायव्हरसाठी, त्याने वाटेत दोनदा पाणी पाजलं होतं. घरात दिवसा कुणी नसेल, आवार नसेल किंवा शेजाऱ्याशी आधीच बोलणं बंद असेल तर घेऊ नका. शेळीतलं कळणारं एक माणूस घरात असेल तरच घ्या. आमच्याकडे तो मामा आहे, दुसरीकडे तो आडतीवर शोधायला लागेल.

वेल्डमेश जाळीचा बारा-तेरा फुटांचा तुकडा उरला आहे, फाटकाखाली लावायला पुरतो. औशात कुणाला लागला तर दुकानात येऊन घेऊन जा. दुपारी एक ते तीन बंद असतं. येताना फाटक लावून घ्या, तलाठी बाहेरच असतो.